पहिली बॅकप्लेट आणि विंग: एका आखडलेल्या खांद्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या स्कूबा डायव्हरना, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणाऱ्या बाईंना, मी इथेही 'ताई'च म्हणणार आहे, कारण पहिल्या दिवसापासून त्यांना तशीच हाक मारत आलोय. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नोकरीचे तपशील थोडे बदलले आहेत. वय ४४, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. बँकेत नोकरी, राहणं कोल्हापूरच्या बाजूला. चाळिशीत पोहायला शिकल्या आणि पुढच्या दोन वर्षांत ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे दोन्ही कोर्स पुरे केले. माझ्याकडे आल्या तेव्हा लॉगबुकात २८ डाइव्ह होत्या. त्यातल्या बऱ्याचशा मालवणच्या, काही गोव्यात ग्रँड आयलंडला, आठ अंदमानात स्वराज द्वीपला.

मी ऑक्टोबर ते मे मालवणला शिकवतो. पावसाळ्यात दर्या बंद, तेव्हा कीटची दुरुस्ती आणि हिशेब. आमच्याकडचं पाणी कोमट, त्यामुळे अंगात ३ मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा आणि स्वतः तरंगणारा रबरी सूट, पुरतो. टाकी म्हणजे ११ लिटरची अ‍ॅल्युमिनियमची, भारतात जवळजवळ सगळीकडे हीच मिळते. होड्या लहान, फायबरच्या, मागे आउटबोर्ड इंजिन. मोठ्या डाइव्ह बोटीवर पाठीला टाकी लावूनच शिडी चढता येते. इथे तसं होत नाही. पाण्यातच कीट उतरवायचं, वरच्या पोराच्या हातात द्यायचं आणि मग आपण चढायचं. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या. सगळं प्रकरण त्याच्यापाशी येऊन अडलं.

अडचण

ताईंनी तोवर सगळीकडे भाड्याचं जॅकेट वापरलं होतं, म्हणजे ज्याला मागे टाकी बांधतात आणि ज्यात हवा भरून तरंगतात ते. भाड्याच्या जॅकेटांत मीडियम आणि लार्ज भरपूर असतात, लहान माप एखादंच आणि तेही दुसऱ्या कुणीतरी आधी उचललेलं. मीडियम जॅकेट ताईंच्या अंगावर लोंबायचं. पाण्यावर हवा भरली की ते कानांपर्यंत वर चढायचं आणि ताई आत खाली लोंबकळायच्या. पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला ७ किलो शिसं. त्यामुळे पाय खाली, डोकं वर, आणि पुढे जाण्यासाठी लाथ मारली की तळची वाळू उडायची. वर आल्यावर कंबर धरलेली असायची. "मला पाण्यात आडवंच होता येत नाही," असं त्या म्हणायच्या, आणि दोष स्वतःच्या वयाला द्यायच्या.

पहिल्याच दिवशी आम्ही वजन तपासलं. टाकीत ५० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास हवा, म्हणजे टाकी संपत आलेली, जॅकेट पूर्ण रिकामं, श्वास नेहमीसारखा, आणि ५ मीटरवर स्थिर राहता येतं का ते पाहायचं. ७ किलोवरून एकेक किलो काढत आम्ही ५ वर आलो आणि ताई तिथे शांत राहिल्या. आधीच्या प्रत्येक डाइव्हला दोन किलो शिसं उगाच वाहिलं होतं. ते दोन किलो सावरायला जॅकेटात हवा भरायची, ती हवा खोलीप्रमाणे फुगायची-आकसायची, की पुन्हा बटण दाबायचं. अर्धी अडचण त्या दिवशी, एक रुपया खर्च न करता सुटली.

पण ताईंना आता स्वतःचं कीट हवं होतं आणि मला त्यांच्यासाठी बॅकप्लेट हवी होती. मी स्वतः बारा वर्षं तीच वापरतो. पाठीवर धातूची पट्टी, तिच्यातून ओवलेला एक पट्टा, मागे टाकी आणि मधोमध हवेची पिशवी म्हणजे विंग. छातीवर काही नाही, पोटावर काही नाही. वजन पाठीवर फुप्फुसांच्या मागे बसतं, त्यामुळे माणूस आपोआप आडवा होतो. ताईंची तक्रार ऐकली आणि माझ्या मनात उत्तर तयार झालं. आज मागे वळून पाहताना पहिली चूक इथेच दिसते. उत्तर तयार होतं म्हणून पुढचे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

पहिला निर्णय

डिसेंबरमध्ये ताईंचा फोन आला. मस्कतहून कायमचे परत आलेले एक मराठी गृहस्थ आपलं कीट विकत होते: ३ मिलिमीटर जाडीची स्टीलची प्लेट, अखंड पट्ट्याचं हार्नेस, टाकी बसवायचा वेगळा अडॅप्टर आणि ४० पाउंडांची, म्हणजे सुमारे १८ किलो लिफ्ट देणारी (तेवढा भार पाण्यात उचलून धरणारी) घोड्याच्या नालेसारखी विंग. सामान चांगलं, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. "घेऊ का दादा?" असं त्यांनी विचारलं. मी पाच मिनिटांत "घ्या" म्हणालो.

माझा हिशेब चुकीचा नव्हता, तोही सांगतो. जॅकेटाचं पॅडिंग स्वतः तरंगतं, ते बुडवायलाच जवळपास किलोभर शिसं जातं. ते गेलं. स्टीलची प्लेट हवेत २.७ किलो, समुद्रात तिचा भार सुमारे २.३ किलो. बकल, डी-रिंगा (सामान अडकवायच्या कड्या) आणि अडॅप्टर धरून आणखी थोडा. म्हणजे जॅकेटासोबत ५ किलो शिसं लागणाऱ्या ताईंना आता १ किलो पुरणार होतं. पाण्यात घालून पाहिलं तर बरोबर तेवढंच लागलं.

न विचारलेले प्रश्न चार होते. पाठीची लांबी किती? खांदे मागे किती जातात? वर कसं चढणार? विमानाने किती वेळा जाणार? यातला एकही प्रश्न अवघड नव्हता. पण बॅकप्लेटबद्दल बोलताना आम्ही डायव्हर लोक धातू आणि लिफ्टच्या आकड्यावरच येतो, अंगावर येत नाही.

याला थोडा इतिहासही कारण आहे. ही रचना फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत शिरणाऱ्या डायव्हरांकडून आली. अखंड पट्ट्याच्या साध्या हार्नेसला 'होगार्थियन' म्हणतात ते विल्यम होगार्थ मेन या त्यांच्यातल्याच एका डायव्हरच्या नावावरून. पाठीला दोन टाक्या, तासन्‌तास गुहेत, झऱ्याचं पाणी २२ अंशांच्या आसपास, अंगावर जाड सूट. तिथे तुटण्यासारखी एकही वस्तू अंगावर नसावी हा आग्रह अगदी रास्त होता, आणि मोठी विंगही लागायची. प्लेटवरची बोल्टची दोन भोकं आजही ११ इंचांवर असतात, म्हणून एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या विंगला बसते. ही सोय फार मोठी आहे. पण त्या गुहांतून आलेला प्रत्येक नियम मालवणच्या फायबर होडीला लागू होईलच असं नाही.

पाण्यात काय झालं

तलावातल्या दोन सत्रांत ताई खुलल्या. पहिल्यांदाच त्या तळाला समांतर तरंगल्या, फरशीपासून हातभर वर. वर येऊन त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्या क्षणी मला वाटलं, जमलं. एक गोष्ट मात्र दिसली होती आणि मी ती बाजूला सारली. टाकीचा व्हॉल्व्ह त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागत होता, मान वर केली की ठक्क. टाकी थोडी खाली बांधली आणि पुढे गेलो.

समुद्रातली पहिली डाइव्ह ठीक झाली. दुसऱ्या डाइव्हच्या शेवटी, वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर थांबलो असताना ताई हळूहळू वर सरकायला लागल्या. विंगमधली हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हची दोरी ओढत होत्या, पण हवा बाहेर पडत नव्हती. मी पायातली फिन धरून त्यांना थांबवलं, डाव्या बाजूला किंचित वर कलवलं, तेव्हा बुडबुड्यांचा मोठा लोट निघाला. १८ किलोंची विंग एका टाकीला जास्तच रुंद होते. तिच्या कडा टाकीच्या दोन्ही बाजूंनी वर दुमडतात आणि त्या घडीत हवा अडकते. त्यात ही विंग नालेसारखी, खालची दोन टोकं एकमेकांना न जोडलेली. खालचा डंप डावीकडे, हवा उजव्या टोकात. ती तिकडून इकडे यायला अंग कलवावंच लागतं.

तिसऱ्या डाइव्हला जे झालं ते जास्त गंभीर होतं. जानेवारीचा दुसरा आठवडा, वारा उठलेला, लाटा मीटरभर. आम्ही वर आलो, होडी जवळ आली, पोरगा वाकून "येवा, येवा" म्हणत हात पुढे करून उभा. ताईंनी क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून जाणारा पट्टा) आणि कमरेचं बकल सोडलं आणि डावा हात पट्ट्यातून काढायला लागल्या. हात कोपरापर्यंत आला आणि तिथेच अडकला. त्यांनी विंग गच्च भरलेली होती, तरंगत राहावं म्हणून. ती जितकी फुगली तितके पट्टे काखेत रुतले. लाट आली की टाकी एकीकडे आणि ताई दुसरीकडे. चेहऱ्यावर वेदना दिसत होती पण आवाज नाही. मी मागून पोचलो, विंगमधली थोडी हवा सोडली, टाकी मांडीवर घेतल्यासारखी वर उचलून धरली आणि पट्टा त्यांच्या हातावरून सरकवला. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं गेली असतील.

होडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, डावा खांदा आखडलाय. वर्ष होत आलं. हात मागे जात नाही." कोर्सच्या वेळच्या वैद्यकीय फॉर्मवर हे नव्हतं, कारण खांदा त्यानंतर आखडला. मी विचारलं नाही आणि त्यांना वाटलं, खांद्याचा आणि कीटचा काय संबंध.

उजवा हात आधी काढला असता तर, असं कुणी म्हणेल. आम्हीही नंतर तलावात करून पाहिलं. टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते. उजवा हात आधी काढला की टाकी डावीकडे फिरते आणि नळी तोंडाला हिसका देते. लाटेत हे नकोच. म्हणून सगळीकडे डावा हात आधी काढायला शिकवतात, आणि ताईंचा नेमका तोच हात जायबंदी.

पुन्हा मोजमाप

पुढचे तीन आठवडे डाइव्हिंग बंद. ताई त्यांच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्या, फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली. पाण्यात उतरायला हरकत नाही, पण हात मागे ओढून पिळला जाईल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद आम्ही या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद मानला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ताई मालवणला आल्या तेव्हा आम्ही कीट शेडमध्येच ठेवलं आणि टेप काढली. त्यांना लाकडी स्टुलावर ताठ बसवलं, मान पुढे झुकवायला सांगितली. मानेच्या तळाशी जे हाड टोचून वर येतं तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेवर ठेवले की अंगठे मागे जिथे येतात ती कमरेच्या हाडांची रेघ, तिथे दुसरं. ३९ सेंटिमीटर. मग स्टीलची प्लेट मोजली, तीही जवळपास तेवढीच. म्हणजे वरून तीन-चार बोटं सोडून प्लेट नीट बसवली, तर खालची कड माकडहाडाकडे उतरणार आणि कमरेचा पट्टा कमरेऐवजी नितंबांवर येणार. त्यांच्या उरलेल्या कंबरदुखीचं कारण इथे सापडलं. पट्टा कमरेवर यावा म्हणून ताईंनी खांद्याचे पट्टे आवळून प्लेट वर ओढली होती, म्हणून व्हॉल्व्ह डोक्याला लागत होता, आणि पट्टे आवळलेले म्हणून हात बाहेर निघत नव्हता. तीन तक्रारी, मूळ एकच. प्लेट लांब होती.

खांदाही मोजला, आमच्या पद्धतीने. पाठ भिंतीला लावून उभं राहायचं, कोपर वाकवून हात मागे सरकवायचा. उजवा हात सहज पाठीमागे जाई. डावा कोपर बरगडीच्या रेषेच्या मागे जेमतेम चार बोटं जाई.

मग विंगचा हिशेब कागदावर केला. हे आधी केलं असतं तर ४० पाउंडांचा विषयच निघाला नसता. भरलेल्या टाकीतल्या हवेचं वजन सुमारे २.७ किलो. डाइव्हच्या सुरुवातीला माणूस तेवढा जड असतो. त्यांच्या लहान मापाच्या वेटसूटचा तरंग धरा दीड किलो, १८ मीटरवर दाबाने त्यातला साधारण एक किलो जातो. म्हणजे तळाशी जास्तीत जास्त ३.७ किलो उचलायचे. पाण्यावर डोकं आणि मान बाहेर धरायला चार-पाच किलो, त्यात हवेचे २.७, म्हणजे पावणेआठपर्यंत. आणि कीट एकटंच पाण्यात सोडलं तर तेही तरंगलं पाहिजे. स्टीलची प्लेट, भरलेली टाकी, रेग्युलेटर आणि शिसं मिळून तो भार साडेपाच किलोंच्या आत. म्हणजे आठ किलोंची गरज. थोडी शिल्लक ठेवून ११ किलो, म्हणजे २५ पाउंड पुरे. १८ हा आकडा गरजेच्या दुपटीहून जास्त होता.

पर्याय

पहिला पर्याय ताईंनीच मांडला: सगळं विकायचं आणि बायकांच्या मापाचं चांगलं जॅकेट घ्यायचं. मी तो मनापासून तपासला, कारण माझ्या आवडीमुळे त्यांचं एकदा नुकसान झालं होतं. जॅकेटाच्या खांद्यावर चिमटीने सुटणारं बकल असतं, त्यामुळे खांद्याचा प्रश्न सुटत होता. पण तलावात आडवं तरंगल्याचा अनुभव ताईंना सोडवत नव्हता, आणि त्यांच्या मापाचं जॅकेट अंगावर घालून पाहायला जवळपास कुठे मिळतही नव्हतं. मागवायचं आणि नशिबावर सोडायचं. ते एकदा करून झालं होतं.

दुसरा, आहे त्या स्टीलच्या प्लेटला फक्त विंग बदलायची. खर्च कमी, पण लांबीचा प्रश्न तसाच. हा लगेच बाजूला पडला.

तिसरा, लहान स्टील प्लेट. चौथा, लहान अ‍ॅल्युमिनियम प्लेट. इथे आम्ही बराच वेळ घालवला. स्टीलच्या बाजूने तीच जुनी गोष्ट, कमरेला शिसं जवळजवळ नको. अ‍ॅल्युमिनियमची प्लेट हवेत सुमारे ९०० ग्रॅम, पाण्यात तिचा भार अर्ध्या किलोच्या थोडा वर. म्हणजे तिच्याबरोबर ३ किलो शिसं. निर्णय दोन गोष्टींनी ठरला.

एक म्हणजे विमान. ताई वर्षातून एकदा अंदमानला जातात. चेक-इन सामान १५ किलो. स्टीलचं जुनं कीट अडॅप्टर आणि विंगसकट पावणेसहा किलो भरायचं, रेग्युलेटर आणि फिन वेगळे. अ‍ॅल्युमिनियमचं लहान विंगसकट साडेतीनच्या आसपास. शिसं प्रत्येक डाइव्ह सेंटरवर असतंच, ते कोल्हापूरहून का वाहायचं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तळाशी, भरल्या टाकीने, विंग फाटली तर? ३.७ किलोंचा भार पायांनी वर न्यायचा. स्टीलच्या प्लेटबरोबर टाकून देण्याजोगं शिसं एकच किलो, बाकीचं वजन पाठीला बोल्टने पक्कं. अ‍ॅल्युमिनियमबरोबर दोन किलो पट्ट्यावर ठेवता येतात. पट्टा सोडला की उरतो १.७ किलो. ५२ किलोंच्या माणसाला हा फरक जाणवतो. जाड सूट घालून थंड पाण्यात जाणाऱ्याला मी आजही स्टीलच सांगेन. ताईंच्या पाण्याला अ‍ॅल्युमिनियम योग्य होतं.

उरला पट्ट्याचा प्रश्न, आणि तिथे माझी स्वतःशीच लढाई झाली. अखंड पट्टा हा माझा विश्वासाचा भाग आहे. प्लास्टिकचं बकल फुटू शकतं, वाळूने अडकू शकतं, होडीत कुणाचा पाय पडला तर चिरतं. हे सगळं मी पाहिलेलं आहे. पण ज्याचा हात मागे जात नाही त्याच्यासाठी अखंड पट्टा हाच सापळा होतो. ताईंनी शांतपणे विचारलं, "बकल फुटण्याची शक्यता जास्त की माझा हात अडकण्याची?" हात तर एकदा अडकून झालेलाच होता.

मधला मार्ग काढला. उजवीकडे अखंड पट्टा, फक्त डाव्या खांद्यावर एक सुटं होणारं बकल.

काय केलं

सुमारे ३३ सेंटिमीटरची लहान अ‍ॅल्युमिनियम प्लेट मागवली, आणि २५ पाउंडांची गोल विंग. ही विंग खाली जोडलेली असते, त्यामुळे हवा कुठूनही डंपपर्यंत पोचते. टाकी टेकायला तिला स्वतःचेच कणे आहेत, म्हणून वेगळा अडॅप्टर लागला नाही. जुनं कीट विकलं, थोडा तोटा झाला.

हार्नेस ओवायला आम्ही अख्खी दुपार घेतली. हा भाग कुणी घाईने करू नये. पट्टा नवा, कडक, ५० मिलिमीटर रुंद. आधी तो बादलीत भिजवला, कारण ओला झाल्यावर तो वेगळा बसतो. ताईंना वेटसूट घालायला लावला. साध्या टी-शर्टावर घेतलेलं माप पाण्यात घट्ट होतं. खांद्याचा पट्टा इतका सैल की छातीशी माझी मूठ आत जावी. जॅकेटाची सवय असलेल्याला हे फार सैल वाटतं आणि तो आवळतो. पण प्लेट अंगाला धरून ठेवण्याचं काम कमरेच्या आणि क्रॉचच्या पट्ट्याचं, खांद्यांनी फक्त जागा दाखवायची. छातीवरच्या डी-रिंगा किती वर? ताईंनी दोन्ही हात पुढे घेऊन विरुद्ध बाजूच्या अंगठ्याने सहज स्पर्श केला तिथे. कमरेचं बकल मधोमध न ठेवता थोडं उजवीकडे, म्हणजे क्रॉच स्ट्रॅपच्या कडीत ते अडकत नाही.

डावं बकल डी-रिंगच्या वर, कॉलरबोनच्या खाली बसवलं. उजव्या हाताने, हातमोजा घालून, डोळे मिटून ते सुटतं का हे वीस वेळा करून पाहिलं. एक जादा बकल कीटच्या पिशवीत ठेवायचं आणि प्रत्येक दिवशी पहिल्या डाइव्हआधी लावलेल्या बकलाच्या दातांवरून नख फिरवून चीर तपासायची, असं ठरलं.

शिसं: दोन किलो कमरेच्या सुट्या पट्ट्यावर, आणि तो पट्टा क्रॉच स्ट्रॅप लावल्यानंतर, त्याच्यावरून. खाली अडकला तर तो पडणारच नाही. तिसरा किलो टाकीच्या वरच्या पट्ट्यावरच्या खिशात. सगळं वजन कमरेला ठेवलं असतं तर पाय पुन्हा खाली गेले असते.

वर चढण्याची पद्धतही बदलली. आधी विंगमधली अर्धी हवा सोडायची, मग शिशाचा पट्टा वर द्यायचा, मग क्रॉच, मग कंबर, मग डावं बकल. हात मागे न्यायचाच नाही. पट्टा उघडला की ताई उजवीकडे वळतात आणि टाकी त्यांच्यासमोर येते. हे तलावात दहा वेळा, मग किनाऱ्याजवळ उभ्याने, मग होडीजवळ शांत पाण्यात केलं. होडीवरच्या पोरालाही शिकवलं, की टाकी व्हॉल्व्हला धरून ओढायची, पट्ट्याला नाही.

निष्पत्ती

मार्चमध्ये मालवणच्या चार डाइव्ह, मग मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला दोन, एप्रिलमध्ये स्वराज द्वीपला सहा. १२ पैकी एकदाही हात अडकला नाही. नेत्राणीला पाणी हललेलं होतं आणि तिथे माझं लक्ष फक्त त्यांच्या डाव्या खांद्यावर होतं. सहा-सात सेकंदांत त्या कीटमधून मोकळ्या झाल्या.

५ मीटरवरचा थांबा आता स्थिर असतो. व्हॉल्व्ह डोक्याला लागत नाही. कंबरदुखी गेली असं ताई सांगतात, पण त्याच काळात फिजिओथेरपीही चालू होती, म्हणून सगळं श्रेय प्लेटला देत नाही. हवाही पूर्वीपेक्षा पुरते. त्यातलं किती आडवं पोहण्यामुळे आणि किती सुरुवातीला काढलेल्या त्या दोन किलोंमुळे, हे वेगळं काढता येत नाही.

एक नवी अडचण उभी राहिली. अंदमानात एका डाइव्हला पाणी इतकं कोमट होतं की ताई वेटसूटशिवाय, नुसत्या लायक्रात उतरल्या आणि शिसं मात्र तेवढंच ठेवलं. दीड किलो जड. विंगने सांभाळलं, पण सूट बदलला की वजन पुन्हा तपासायचं हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आता त्यांच्या लॉगबुकाच्या पहिल्या पानावर दोन्ही आकडे लिहिलेले आहेत.

आज वेगळं काय करेन

फोनवर "घ्या" म्हणणार नाही. हे पहिलं. माझ्याकडे आता एक लहान आणि एक मोठी प्लेट फक्त घालून पाहायला ठेवली आहे. विकत घ्यायच्या आधी तलावात एक तास, आणि त्या तासात तरंगण्याइतकाच वेळ कीट काढण्या-घालण्याला. दुकानात प्लेट अंगाला लावून आरशात छानच दिसते. ती पाण्यात अंगावरून काढता येते का, हे आरसा सांगत नाही.

डोक्याला व्हॉल्व्ह लागला त्या दिवशी थांबलो असतो तर तिसरी डाइव्ह झालीच नसती. टाकी खाली बांधून मी खूण पुसली, पण मूळ कारण तसंच राहिलं. आणि दुसऱ्या डाइव्हला हवा अडकल्यावर त्याच विंगने तिसरी करायला नको होती. वारा उठलेला असताना तर अजिबात नाही. याची जबाबदारी माझी आहे आणि ताईंना मी ते तोंडावर सांगितलं आहे.

विचारण्याची पद्धतही बदलली. "काही दुखणं आहे का?" असं विचारलं की लोक "नाही" म्हणतात. आता मी म्हणतो, "भिंतीला पाठ लावा आणि दोन्ही कोपर मागे न्या." चाळिशीच्या पुढच्या किती जणांचे खांदे अडतात ते पाहून मी थक्क झालो आहे.

बकलचा प्रश्न माझ्यापुरता अजून उघडा आहे. खांदा मोकळा झाला की अखंड पट्ट्यावर परतायचं, की एकदा जमलेली पद्धत तशीच ठेवायची? ताईंचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, माझं अजून ठरत नाही. त्यांचा डावा कोपर आता बरगडीच्या रेषेच्या मागे सात बोटं जातो. कमरेच्या पट्ट्याची वीतभर जादा शेपटी आम्ही ठेवली होती, माप बदललं तर असावी म्हणून. ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला की पुन्हा एकदा स्टूल, टेप आणि भिंत. तोवर ती शेपटी न कापता रबरात खोवून ठेवली आहे.